चौथी मिती आणि नाकारलेल्या सहा आकृती

चार मितींत सुसम बहिर्वक्र आकृती (घनासारख्या, सर्व बाजू आणि कोपरे एकसारखे असलेल्या आणि कुठेही आत न वळणाऱ्या) सहाच असतात आणि पाचव्या मितीपासून पुढे प्रत्येक मितीत फक्त तीन, हे १८५० ते १८५२ या काळात लिहून झाले होते. लिहिणारा स्वित्झर्लंडमधल्या बर्नचा गणितज्ञ आधी तिथल्याच थून गावच्या शाळेत शिक्षक होता. फार लांब म्हणून व्हिएन्नाच्या अकादमीने हस्तलिखित नाकारले, बर्लिननेही छापले नाही. लेखक १८९५ मध्ये वारला आणि पूर्ण ग्रंथ १९०१ मध्ये निघाला. दरम्यान १८८० मध्ये एका अमेरिकी संशोधकाने त्याच सहा आकृती नव्याने शोधल्या. या दिरंगाईचा दोष अकादम्यांकडे जातोच. पण लेखकाचा स्वतःचा एक निर्णय अधिक विचार करायला लावणारा आहे.

पृष्ठे एकमेकांना छेदून जाऊ दिली, तर तीन मितींत आणखी चार सुसम आकृती मिळतात. त्यांतल्या दोन १६१९ मध्ये आणि उरलेल्या दोन १८०९ मध्ये वर्णिल्या गेल्या. शाळेत शिकलेले ऑयलरचे सूत्र यांना लावून पाहावे; बहिर्वक्र आकृतींसाठी त्याचे उत्तर नेहमी २ येते. शिरोबिंदूंतून कडा वजा करून पृष्ठे मिळवली की दोघींसाठी उत्तर २ येते. उरलेल्या दोघींना १२ शिरोबिंदू, ३० कडा आणि १२ पृष्ठे आहेत, म्हणजे उत्तर उणे ६. बर्नच्या गणितज्ञाने या दोघींना खऱ्या आकृती मानायलाच नकार दिला.

हा हट्ट समजण्यासारखा आहे. याच हस्तलिखितात त्याने ते सूत्र सर्व मितींपर्यंत नेले होते. चतुर्मितीय घनाला १६ शिरोबिंदू, ३२ कडा, २४ पृष्ठे आणि ८ घन असतात. आळीपाळीने बेरीज-वजाबाकी केली की शून्य, आणि चार मितींतल्या बहिर्वक्र आकृतींसाठी सूत्राचे उत्तर हेच. ज्या नियमावर सगळी इमारत उभी केली, तो मोडणाऱ्या आकृतीला तो आत कसा घेणार? (त्या सिद्धतेत गृहीत धरलेली एक पायरी तर १९७० च्या सुमारास सिद्ध झाली.) पण किंमत मोठी पडली. चार मितींतल्या एकमेकांना छेदणाऱ्या दहा सुसम आकृतींपैकी त्याने चारच धरल्या. उरलेल्या सहांच्या रचनेत ती नाकारलेली जोडी कुठे ना कुठे येते, म्हणून त्या बाहेर राहिल्या. १८८३ मध्ये एका जर्मन गणितज्ञाने दहाही मांडल्या.

उणे ६ हा दोष नाहीच. चार भोके असलेल्या पृष्ठभागासाठी हीच संख्या येते, आणि या दोन्ही आकृतींची पृष्ठे कडांवर जोडत गेले की तोच पृष्ठभाग तयार होतो. आकृती जागेत कशी बसते आणि तिची जोडणी कशी आहे, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे पुढच्या पिढ्यांनी स्पष्ट केले. सूत्राने आकृतींची पात्रता ठरवण्याऐवजी आकृतींकडून सूत्राची व्याप्ती शिकायला हवी होती, असे माझे ठाम मत आहे.

पुढचा प्रवास वेगाने झाला आणि त्यात हौशी माणसांचा वाटा मोठा. विद्यापीठाचे शिक्षण नसलेल्या एका बाईंनी चतुर्मितीय आकृतींचे त्रिमितीय छेद पुठ्ठ्याचे करून दाखवले. १९१४ मध्ये ग्रोनिंगेन विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. एका इंग्रज वकिलाने आठ मितींतली २४० शिरोबिंदूंची आकृती शोधली, पण १९०० मध्ये त्याच्या लेखाचा केवळ सारांश छापला गेला. आठ मितींत समान गोल सर्वांत दाट कसे रचावेत, याची सिद्धता २०१६ मध्ये मिळाली. त्या रचनेत प्रत्येक गोलाला २४० गोल टेकतात, आणि त्यांची केंद्रे जोडली की वकिलाचीच आकृती मिळते.