लिथियमची गोळी आणि मिठाचा हिशेब

१९४९च्या सुरुवातीला अमेरिकेत हृदयविकाराचे काही रुग्ण अचानक जास्तच आजारी पडू लागले. हात थरथरायचे, तोल जायचा, ग्लानी यायची. काही जण दगावलेही. डॉक्टरांनी मीठ बंद केलं म्हणून ही मंडळी जेवणावर बाजारात मिळणारं पर्यायी मीठ भुरभुरवत होती आणि ते होतं लिथियम क्लोराइड. अमेरिकन सरकारने ते तातडीने मागे घ्यायला लावलं. त्याच वर्षी सप्टेंबरात ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड या मनोविकारतज्ज्ञाने उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियमने आलेला गुण छापून आणला. त्यातला पहिला रुग्ण आधी चांगला सुधारला, पण पुढच्या वर्षी लिथियमच्याच विषबाधेने गेला.

आज बायपोलर आजारात, म्हणजे कधी उन्माद तर कधी खोल नैराश्य आणणाऱ्या आजारात, लिथियमइतका भरवशाचा आधार थोड्याच औषधांचा आहे. आत्महत्येचा धोका कमी करण्यात तर ते विशेष गुणकारी मानलं जातं. अडचण एकच. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० मिलीमोल प्रति लिटर हवी आणि १.५च्या वर विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. एवढ्या अरुंद पट्ट्यात राहायचं, तर चिठ्ठीवर किती मिलिग्रॅम लिहिलंय याच्याइतकंच महत्त्व ती गोळी कोणाच्या शरीरात चाललीय याला येतं.

लिथियम यकृतात मोडलं जात नाही. ते जवळजवळ सगळं लघवीवाटेच जातं. मूलद्रव्यांच्या तक्त्यात ते सोडियमच्या डोक्यावर बसतं, म्हणजे त्याचा धाकटा भाऊच, आणि किडनीला या भावांत फारसा फरक करता येत नाही. शरीरात मीठ-पाणी कमी पडलं की किडनी सोडियम धरून ठेवते आणि त्याबरोबर लिथियमही अडवते. अमेरिकेतल्या त्या अळणी जेवणाऱ्या रुग्णांचं नेमकं हेच झालं. जुलाब, उलट्या, मे महिन्यातलं ऊन, निर्जळी उपवास, हौसेने सुरू केलेलं बिनमिठाचं डाएट, या सगळ्यांचा शेवट तिथेच होऊ शकतो.

आता सत्तरीच्या एखाद्या आजींचं पाहा. वर्षानुवर्षं लिथियम चालू आहे, तब्येत स्थिर आहे. वयाने किडनीचं काम मंदावलेलं, त्यामुळे तोच डोस अंगात जास्त वेळ रेंगाळतो. अशात बीपीसाठी लघवी वाढवणारी थायाझाइड गटातली गोळी सुरू होते. पुढे गुडघे धरतात, म्हणून नातू कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची स्ट्रिप आणतो, चिठ्ठी कोणी विचारत नाही. या दोन्ही गोळ्या लिथियमची पातळी वाढवतात. आठवड्याभरात आजींचा हात चहाचा कप धरताना जोरात हलू लागतो, बोलणं जड होतं, चालताना झोक जातो. घरचे म्हणतात, वय झालं. कुणी म्हणतं, जुना आजार उलटला. रक्त तपासायचं कुणाला सुचत नाही, आणि माझ्या मते खरा घोटाळा तिथे आहे. अशा वेळी दुखण्यावर पॅरासिटामॉल बरं, तेही डॉक्टरांना सांगून. बीपीच्या औषधांतही रामिप्रिल, टेल्मिसार्टन या कुळातली लिथियमशी जपूनच द्यावी लागतात, अॅम्लोडिपिनची तशी अडचण सहसा येत नाही.

तपासणीचंही एक पथ्य आहे. रक्त शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी द्यायचं. सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा फुगलेला येणार. आणखी एक गंमत म्हणजे हिरव्या टोपणाच्या काही नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपारिनच घातलेलं असतं! त्या नळीत रक्त घेतलं तर गोळी न घेणाऱ्यालाही लिथियम निघेल.

गर्भारपणात हिशेब उलटा फिरतो. किडनी सुमारे दीडपट वेगाने रक्त गाळू लागते, त्यामुळे डोस तोच असूनही पातळी घसरते. लिथियमने बाळाच्या हृदयात दोष येतो ही भीती १९७०च्या दशकातली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात असे दोष लिथियम घेतलेल्यांच्या बाळांत १००त सुमारे २.४ आढळले, न घेतलेल्यांच्या बाळांत सुमारे १.२. डोस मोठा, तसा धोकाही जास्त होता. म्हणजे धोका आहे, पण वाटला होता त्याहून पुष्कळ लहान. याउलट बायपोलरमध्ये सर्रास दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट पोटातल्या बाळाला कितीतरी घातक: सुमारे दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग, आणि ३० ते ४० टक्के मुलांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम. मूल होऊ शकेल अशा वयातल्या मुलीला ते सुरू करताना हे कुणी समोर बसवून सांगितलं नसेल, तर तिने स्वतः विचारावं. मात्र दिवस गेल्याचं कळताच घाबरून कुठलीच गोळी मनाने बंद करू नये. लिथियम एकाएकी थांबवलं तर आजार उसळून येतो.

बाळंत झाल्यावर किडनी पुन्हा मूळ वेगाकडे येऊ लागते. गर्भारपणात वाढवलेला डोस तसाच राहिला, तर आता तो जास्त ठरतो. म्हणून प्रसूतीनंतर लगेच रक्त तपासून डोस पुन्हा बसवतात. बायपोलर आजार उलटण्याची सर्वांत जास्त शक्यता असते तीही याच आठवड्यांत, त्यामुळे गोळी पूर्ण बंद ठेवणंही परवडत नाही. लिथियम अंगावरच्या दुधात उतरतं. बाळाला पाजायचं ठरलं तर बाळाच्या रक्ताची तपासणीही करावी लागते, आणि बाळाला जुलाब लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.