बारा क्रेडिट्सचा फरक : ‘ऑनर्स’ की ‘ऑनर्स विथ रिसर्च’?

अशोक चौकाजवळ एका ओळखीच्या घरी चहाला बसलो होतो. खाली टॉवेलचे माग, वर घर. थोरली लेक एका स्वायत्त कॉलेजात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला. वडील म्हणाले, “सर, ही ऑनर्स करते म्हणालीय. हुशार पोरांना देतात की ते. मग फॉर्म कशाला भरायचा? मार्क बघून कॉलेजच देईल.” लेक वैतागली. “पप्पा, ते बक्षीस नाहीये.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “पण सर, रिसर्चवालं नाही घेतलं तर पीएच.डी. करता येत नाही ना?”

एका घरात दोन गैरसमज, आणि दोन्ही सध्या सोलापूरभर फिरतायत. वडिलांचा समजण्यासारखा आहे. 2004 साली सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं. त्याआधी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. आमच्या वेळी ‘स्पेशल’ विषय असायचा. ऑनर्स हा शब्द दिल्ली-कोलकात्याकडचे लोक बोलायचे, म्हणून तो मानाचा वाटायचा. आता नव्या शैक्षणिक धोरणात त्याचा अर्थ साधा झालाय: पदवीचं चौथं वर्ष. तीन वर्षांत किमान 120 क्रेडिट्स (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप) झाले की नेहमीची पदवी, चौथं वर्ष करून 160 झाले की ऑनर्स. आपल्या राज्याच्या चौकटीत एका सत्राला 20 ते 22 क्रेडिट्स धरलेत, त्यामुळे हे आकडे 132 आणि 176 पर्यंत जातात.

चौथ्या वर्षाला मात्र दोन फाटे आहेत. ‘ऑनर्स’मध्ये आपल्या मुख्य विषयाचे वरच्या पातळीचे पेपर करायचे. ‘ऑनर्स विथ रिसर्च’मध्ये त्यातले 12 क्रेडिट्स एका संशोधन प्रकल्पाला जातात. एकूण क्रेडिट्स तेवढेच, वर्षही तेवढंच. पहिल्या वाटेवरचा विद्यार्थी त्या 12 क्रेडिट्सच्या जागी आणखी विषय घेतो. कागदावर फरक एवढाच. एक क्रेडिट म्हणजे प्रात्यक्षिकाचे 30 तास या हिशेबाने तो 360 तासांचा होतो, आणि ते तास कसे जातात यावर सगळं आहे. पेपरांच्या वर्षाला वेळापत्रक असतं. प्रकल्पाच्या वर्षाला नसतं. नमुने बिघडतात, गाईड परीक्षेच्या कामाला जातात, दिवाळीनंतर कळतं की आपण चुकीचाच प्रश्न विचारत होतो.

आपल्या जिल्ह्यात प्रश्नांना तोटा नाही. डाळिंबावरचा तेल्या रोग आहे, नान्नजच्या माळरानावर माळढोकाचं काय झालं ते आहे, सूत रंगवणाऱ्या डायिंगचं पाणी आहे. इतिहासवाल्यांना 1930 चा मार्शल लॉ आहे. हे विषय वर्गात बसून सुटणारे नाहीत. ज्याला असा एखादा प्रश्न आधीपासून सतावतो, त्याच्यासाठी ही दुसरी वाट. बाकीच्यांनी नुसत्या नावासाठी ती धरू नये, असं माझं स्पष्ट मत.

तिथे जायला अटही आहे: पहिल्या सहा सत्रांत मिळून 75 टक्के. नुसत्या ऑनर्सला ही अट नाही. म्हणजे पहिल्या वर्षी ‘बघू पुढं’ म्हणत काढलेली दोन सत्रं तिसऱ्या वर्षाअखेर आडवी येतात, आणि तेव्हा हळहळून उपयोग नसतो. शिवाय कॉलेजच्या त्या विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असावे लागतात, किमान दोन. तालुक्याच्या लहान कॉलेजात एखाद्या विषयाला ऑनर्स असेल, पण रिसर्च नसेल, असं त्यामुळेच घडू शकतं. चौकशी करताना ‘चौथं वर्ष आहे का?’ एवढंच विचारून फोन ठेवू नका. ‘माझ्या विषयात गाईड कोण आहेत?’ हेही विचारा. गाईड आहेत पण त्यांच्याकडे आधीच रांग लागलीय, असंही निघेल.

आता लेकीचा प्रश्न. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, पीएच.डी.चे नियम नोव्हेंबर 2022 चे आहेत. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएच.डी.ला अर्ज करायचा तर एकूण 75 टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेयर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना 5 टक्के सवलत देता येते. ‘विथ रिसर्च’ असेल तरच, असं त्यात म्हटलेलं नाही. नुसतं ऑनर्स केलेला, पण 75 टक्के मिळवलेला विद्यार्थीही अर्ज करू शकतो. पुढची प्रवेश परीक्षा आणि मुलाखत दोघांनाही सारखीच.

गोंधळाचं मूळ या दोन पंचाहत्तरांत आहे. पहिले 75 तीन वर्षांचे, संशोधनाच्या वाटेवर पाय ठेवण्यासाठी. दुसरे पूर्ण चार वर्षांचे, थेट पीएच.डी.साठी. कोणी 76 टक्क्यांवर रिसर्च घेतो, प्रकल्प रेंगाळतो, सरासरी 74 वर येते. आता त्याच्या पदवीवर ‘विथ रिसर्च’ आहे आणि थेट पीएच.डी.चा रस्ता बंद आहे. याच्या उलटही होतं: तिसऱ्या वर्षाला 73 असलेली मुलगी चौथ्या वर्षी पेपर चांगले देऊन 75 गाठते. आणि नाहीच गाठले, तर चार वर्षांनंतर एका वर्षाची एम.एस्सी. आहेच. तिथे 55 टक्के मिळाले की पीएच.डी.ची नेहमीची वाट मोकळी. तीन अधिक दोन काय आणि चार अधिक एक काय, बेरीज पाचच.

एमपीएससीच्या तयारीतल्यांनी या वादात पडूच नये. तिथे तीन वर्षांची पदवी पुरते.

आणखी एक जपायचं. इंजिनिअरिंगवालेही ‘बी.टेक. ऑनर्स’ म्हणतात, पण ते वेगळं प्रकरण: त्याच चार वर्षांत 18 ते 20 जादा क्रेडिट्स. अमेरिकेतल्या विद्यापीठांची पत्रकं बघाल तर तिथला ‘ऑनर्स प्रोग्रॅम’ तिसराच निघेल. निवडक मुलांची वेगळी तुकडी, लहान वर्ग, बहुतेक ठिकाणी शेवटी प्रबंध. त्यात वर्ष वाढत नाही. खरं तर वडिलांच्या डोक्यातलं ‘हुशार पोरांचं ऑनर्स’ याच्या जवळ जातं, फक्त ते अशोक चौकात मिळत नाही.

संलग्न कॉलेजांत हे धोरण 2024-25 पासून लागू झालं, म्हणजे तिथे या धोरणातलं पहिलं चौथं वर्ष 2027-28 मध्ये भरेल. स्वायत्त कॉलेजं एक वर्ष पुढे आहेत.

हे सगळं ऐकून झाल्यावर मी लेकीला विचारलं, तुझा प्रश्न कोणता? ती म्हणाली, “डायिंगचं पाणी नाल्यात गेल्यावर पुढं त्याचं काय होतं, ते बघायचंय.”

वडिलांनी कप खाली ठेवला. “ते मी आत्ता सांगतो की,” म्हणाले, “त्याला 360 तास कशाला पायजेत?”