भुकटी किती भिजते? एका न सुटलेल्या गुणाकाराची पार्श्वभूमी

सपाट काचेवर पाण्याचा थेंब काचेशी किती कोन करतो, यावरून काच पाण्याने किती भिजते ते कळते. हा हिशेब थॉमस यंग यांनी १८०५ मध्येच मांडला. पण दुधाची पावडर, औषधी चूर्ण किंवा रंगद्रव्य यांना सपाट पृष्ठभाग कुठला? दाबून गोळी केली, तर दाबाने कणांचा पृष्ठभागच बदलतो आणि थेंब बघता बघता आत मुरतो. वर खडबडीतपणा आहेच. त्याचा परिणाम वेन्झेल यांनी १९३६ मध्ये सूत्रात बसवला. थेंबाखाली अडकून राहणाऱ्या हवेचा हिशेब कॅसी आणि बॅक्स्टर यांनी १९४४ मध्ये केला.

दुसरी वाट त्याआधीच सापडली होती. लुकास यांनी १९१८ मध्ये आणि वॉशबर्न यांनी १९२१ मध्ये बारीक नळीत द्रव किती वेगाने शिरतो याचे समीकरण दिले: अंतराचा वर्ग वेळेच्या प्रमाणात वाढतो. मग भुकटी नळीत भरायची, खालून द्रव लावायचा आणि घड्याळ बघायचे. द्रवाचा पृष्ठताण (पृष्ठभाग आखडून धरणारी ओढ) आणि श्यानता (वाहण्याला होणारा विरोध) माहीत असतात. गोम अशी, की उरलेल्या दोन अज्ञात गोष्टी, छिद्रांची त्रिज्या आणि कोनाचा कोसाइन, गुणाकारातच येतात. एका प्रयोगातून त्या सुट्या होत नाहीत. शिवाय भुकटीत ‘त्रिज्या’ अशी एकच नसतेच, ती मानावी लागते. माझ्या मते, पुढची सगळी धडपड या एका गुणाकाराशी आहे.

बार्टेल आणि ऑस्टरहॉफ यांनी १९२७ मध्ये वेग सोडून दाब मोजला: द्रवाला भुकटीत शिरू न देण्यासाठी किती दाब लागतो? आज रूढ आहे ती तडजोड वेगळी. आधी हेक्झेन हा पातळ, तेलकट वर्गातला द्रव चढू द्यायचा. त्याचा पृष्ठताण २०° सेल्सिअसला सुमारे १८ मिलिन्यूटन प्रति मीटर, पाण्याच्या जेमतेम चौथा हिस्सा. त्यामुळे ते जवळपास काहीही पूर्ण भिजवते, म्हणजे कोन शून्य धरता येतो. त्यातून त्या भरणीचा स्थिरांक, म्हणजे त्रिज्येच्या जागी येणारा आकडा, काढायचा आणि तोच पाण्याच्या प्रयोगात वापरायचा. ओली रेषा डोळ्यांनी शोधण्याऐवजी नळी तराजूला टांगून वाढते वजन नोंदवतात, ही सोय मोठी आहे.

तरी दोन गृहीतके उघडीच राहतात. एक, सरकत्या द्रवाचा कोन स्थिर थेंबाच्या कोनापेक्षा मोठा असतो, म्हणून हेक्झेनचा ‘शून्य’ही शंकास्पद. दुसरे जास्त त्रासदायक: पाण्यासाठी नळी नव्याने भरावी लागते आणि ती हेक्झेनच्या नळीसारखीच भरली गेली याची हमी कोण देणार? म्हणून वजन तेच, उंची तीच, भुकटी बसवायला नळीला दिलेले ठोके तितकेच, हे पाळावे लागते. वरचेवर भरून आकड्यांचा फैलाव किती ते कोनाबरोबर सांगावे लागते. कण पाण्यात फुगणारे किंवा भिजताच खाली बसणारे असतील, तर एवढे करूनही स्थिरांक प्रयोगाच्या मध्येच बदलतो.

आणि कोन ९०° च्या पुढे गेला की पाणी चढतच नाही. तिथे नळी बाजूला ठेवून, पाण्यात मिथेनॉल वाढवत नेत कण कोणत्या मिश्रणात बुडू लागतात ते बघतात; फ्युअरस्टेनाउ यांच्या गटाने १९८०च्या दशकात कोळशासाठी वापरलेली ही पद्धत. तिच्यात भरणीचा प्रश्नच येत नाही.