सॅम्पल कधी घ्यायचं, पीसीपर्यंत कसं न्यायचं: आमचं डेटा ॲक्विझिशन कार्ड वापरणाऱ्या ग्राहकांसाठी

‘मधूनच रीडिंग गळतात’, ‘ग्राफ वेडावाकडा येतो’ अशा तक्रारींसह कार्ड आमच्याकडे येतं, तेव्हा बहुतेक वेळा ते ठणठणीत असतं. घोळ सेटिंगमध्ये असतो. सॅम्पल, म्हणजे सेन्सरच्या सिग्नलचं एकेक रीडिंग, नेमकं कोणत्या क्षणी घ्यायचं हे ट्रिगर ठरवतो. ते मेमरीत कोणत्या वाटेने जायचं हे ट्रान्सफरची पद्धत ठरवते. दोन्हींचा विचार वेगवेगळा करा.

ट्रिगर

सॉफ्टवेअर ट्रिगरमध्ये प्रोग्रॅमने सांगितलं की कार्ड एक सॅम्पल घेतं. भट्टीचं तापमान, टाकीतली पातळी अशा संथ गोष्टींना एवढं पुरतं. व्हायब्रेशनसाठी मात्र तो वापरू नका. विंडोजमध्ये ‘स्लीप’ला (प्रोग्रॅमला थोडं थांबवणाऱ्या आज्ञेला) १ मिलिसेकंद दिला, तरी सिस्टिमच्या घड्याळाचा नेहमीचा ठोका सुमारे १५.६ मिलिसेकंदांचा असतो. सॅम्पलमधलं अंतर असं कमीजास्त झालं की त्यावरून काढलेल्या फ्रिक्वेन्सीला अर्थ उरत नाही.

तिथे पेसर हवा, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या क्लॉकवर नेमक्या अंतराने येणारा ट्रिगर. कार्डावर १ मेगाहर्ट्झचा क्लॉक आहे आणि ८२५४ या टायमर चिपचे १६ बिटचे दोन काउंटर एकापुढे एक जोडले आहेत. दोघांत भरलेल्या आकड्यांच्या गुणाकाराने क्लॉकला भागलं की सॅम्पलिंगचा वेग मिळतो. ४ चॅनलवर सेकंदाला प्रत्येकी १००० सॅम्पल हवे असतील तर एकूण वेग सेकंदाला ४००० लागतो, हे हमखास विसरलं जातं. म्हणजे भाजक २५०. एका काउंटरमध्ये १० आणि दुसऱ्यात २५ भरा. काउंटरला १ चालत नाही, किमान २ हवा. आता ७००० मागून पाहा. भाजक १४२.८६ येतो, पण भरता येतो तो पूर्णांकच. ११ आणि १३ भरले तर गुणाकार १४३ आणि खरा वेग ६९९३. एफएफटीत (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या काढणाऱ्या गणितात) ७०००च धरलं तर प्रत्येक पीक ०.१ टक्का सरकलेलं दिसेल. म्हणून मागितलेला नव्हे, ड्रायव्हरने परत दिलेला वेग हिशोबात घ्या.

मशीनच्या फिरण्याशी मेळ घालायचा असेल तर बाहेरचा ट्रिगर. १५०० आरपीएमच्या शाफ्टवर एका फेऱ्यात ३६० पल्स देणारा एन्कोडर बसवला की एका चॅनलवर सेकंदाला ९००० सॅम्पल मिळतात, आणि शाफ्टचा वेग थोडा हलला तरी प्रत्येक सॅम्पल आपापल्या अंशावरच पडतं. मात्र ट्रिगरची पिन ५ व्होल्टच्या टीटीएल (डिजिटल) सिग्नलची आहे. प्रॉक्झिमिटी सेन्सरचे २४ व्होल्ट तिला थेट देऊ नका, इनपुट जळेल. मध्ये ऑप्टोकपलर (प्रकाशाच्या मार्फत सिग्नल पुढे देणारा भाग) घालाच. पुशबटण किंवा रिलेही थेट जोडू नका. कॉन्टॅक्ट बसताना थरथरतो आणि एका दाबात अनेक ट्रिगर जातात.

ट्रान्सफर

सॉफ्टवेअर ट्रिगरला पोलिंग, म्हणजे सॅम्पल तयार झालं का हे प्रोग्रॅमने कार्डाला विचारत राहणं, ठीक आहे. सेकंदाला काही हजार सॅम्पलपर्यंत इंटरप्ट, म्हणजे कार्डाने प्रोसेसरला हातातलं काम थांबवून हाक मारणं, चालतो. त्यापुढे प्रत्येक सॅम्पलला इंटरप्ट दिला तर पीसीची दमछाक होते. तिथून वर डीएमए, ज्यात सॅम्पल प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत उतरतात.

इथे थोडा हिशोब करावाच लागतो. १२ बिटचं सॅम्पल २ बाइट जागा घेतं, म्हणजे ६४ केबीच्या बफरमध्ये (सॅम्पलसाठी राखलेल्या मेमरीत) ३२,७६८ सॅम्पल. सेकंदाला १ लाखाच्या वेगाने हा बफर ०.३३ सेकंदात भरतो. म्हणून तो दोन भागांत वापरा: एक भाग भरत असताना दुसरा उचलून घ्या. तुमच्या हाती दर वेळी सुमारे ०.१६ सेकंद असतात. डेटा उचलणाऱ्या थ्रेडमध्येच (प्रोग्रॅमच्या त्याच धाग्यात) ग्राफ काढत बसू नका.

पीसीआय कार्डावरचा १०२४ सॅम्पलचा फिफो (सॅम्पल तात्पुरते रांगेत ठेवणारी छोटी मेमरी) याच वेगाने १० मिलिसेकंदांत भरतो. अर्धा भरल्यावर इंटरप्ट येतो आणि पुढे जेमतेम ५ मिलिसेकंद उरतात. ‘स्लीप’च्या लूपमधून फिफो रिकामा करणाऱ्यांचा डेटा का गळतो, ते वरच्या १५.६ या आकड्यावरून कळेल.

गळालेलं सॅम्पल डोळ्यांना दिसत नाही, हे सगळ्यात वाईट. ग्राफ दोन्ही टोकं जोडून पुढे जातो. अनेक चॅनल स्कॅन करताना एक जरी सॅम्पल गळालं तरी पुढचे सगळे चॅनल एका घराने सरकतात आणि प्रेशरच्या रकान्यात तापमान येऊन बसतं. प्रत्येक ब्लॉकनंतर ओव्हररन बिट (सॅम्पल गळाल्याची कार्डाने दिलेली खूण) तपासा, आणि तो लागलेला असेल तर तो डेटा टाकून द्या. यावर आमचा ठाम आग्रह आहे.

फोन करताना कार्डाचं मॉडेल, ट्रिगरचा प्रकार, चॅनलची संख्या, एकूण वेग आणि ट्रान्सफरची पद्धत सांगा. ग्राफचा फोटो नको, मूळ डेटा फाइल पाठवा.