कॅथोड स्पॉटमधली घनता आणि गॅपमधली घनता: दोन वेगळ्या गोष्टी आहेत बरं का

व्हॅक्यूम आर्कमध्ये, म्हणजे हवा काढून टाकलेल्या जागेत दोन धातूच्या टोकांमध्ये पेटणाऱ्या विजेच्या ठिणगीत, कॅथोडजवळ (ऋण टोकाजवळ) प्लाझ्मा, म्हणजे आयन आणि इलेक्ट्रॉनांचा तापलेला वायू, किती दाट असतो असं विचारलं की एकजण सांगतो दर घनमीटरला १०^२६ कण, दुसरा सांगतो १०^१८, आणि मग जुंपते, कारण दोघांनाही वाटतं समोरच्याने शून्यं मोजताना घोळ घातलाय. पण दोघंही बरोबर असू शकतात. भानगड सगळी "जवळ" या शब्दात आहे, एकाचं जवळ म्हणजे दोन मायक्रॉन आणि दुसऱ्याचं एक सेंटीमीटर.

मुळात व्हॅक्यूम आर्क हे नावच फसवं, व्हॅक्यूममध्ये पेटायला काही नसतंच, कॅथोडचाच धातू उडतो आणि त्याच्या वाफेत आर्क चालतो, म्हणून मेटल व्हेपर आर्क म्हणणं जास्त बरोबर. आणि हा धातू सगळ्या पृष्ठभागावरून उडत नाही, उडतो तो स्पॉटमधून. स्पॉट म्हणजे काही मायक्रॉनचा ठिपका, एका जागी थांबत नाही, विझतो आणि शेजारी नवा पेटतो, मागे बारीकसा खड्डा सोडून जातो. वापरलेल्या कॉन्टॅक्टचा (स्विचमधल्या धातूच्या टोकाचा) तोंडवळा जो मॅट, खरबरीत दिसतो ना, ते सगळे असे खड्ड्यांवर खड्डे.

या ठिपक्याच्या आत घनता १०^२६ च्या आसपास जाते. आता गंमत बघा, आपण श्वास घेतो त्या हवेत दर घनमीटरला साधारण २.५ × १०^२५ रेणू असतात, म्हणजे ज्याला आपण व्हॅक्यूम म्हणतोय त्यातला हा एक ठिपका हवेपेक्षा चौपट दाट, आणि वर हजारो अंश तापलेला, त्यामुळे तिथला दाब वातावरणाच्या शेकडो पट. एवढ्या दाबाचा प्लाझ्मा समोरच्या मोकळ्या जागेत सुटणारच. तांब्याचे आयन (चार्ज असलेले अणू) सेकंदाला बारा-तेरा किलोमीटरच्या वेगाने बाहेर पडतात.

आणि बाहेर पडले की पसरतात, इथून दुसरी, म्हणजे दोन टोकांमधल्या मोकळ्या जागेतली (गॅपमधली) घनता सुरू होते. पाटीवरचा हिशोब करून बघू. तांब्याचा कॅथोड, १०० अँपिअर, त्यातला साधारण दहावा भाग आयनांचा म्हणजे १० अँपिअर, प्रत्येक आयनावर सरासरी दोन चार्ज, वेग १३ किलोमीटर धरा, अर्धगोलात पसरतोय असं समजा. एक सेंटीमीटरवर उत्तर येतं जवळपास ४ × १०^१८. तोच हिशोब १० मायक्रॉनवर करा, ४ × १०^२४ येतं. अंतर हजारपट कमी झालं, घनता दहा लाखपट वाढली, वर्गाचा नियम, दुसरं काही नाही. आणखी आत दोन मायक्रॉनपर्यंत गेलात की १०^२६ गाठलंच. (एवढ्या जवळ हे साधं गणित खरं तर चालत नाही, पण अंदाज चुकत नाही.)

दोन्हींतला फरक ओळखायची माझी आवडती खूण म्हणजे करंट वाढवून बघणं. तांब्यावर एक स्पॉट साधारण १०० अँपिअरपर्यंत ओढतो, १००० केलेत तर तो फुगून दहापट दाट होत नाही, स्पॉटच आठ-दहा होतात. म्हणजे स्पॉटमधली घनता जवळपास तीच राहते, गॅपमधली मात्र दहापट होते. त्यामुळे "करंट वाढला की कॅथोडजवळची घनता वाढते" हे वाक्य अंतर सांगितल्याशिवाय ना खरं ना खोटं. (हजारो अँपिअरवर आर्क स्वतःच्याच मॅग्नेटिक फील्डने आवळला जातो, ती गोष्ट निराळी.)

मोजायची पद्धतही वेगळी. गॅपमध्ये प्रोब (मोजायची बारीक तार) घालता येतो, स्पॉटमध्ये घालायचा म्हटलं तर प्रोबची तारच स्पॉटपेक्षा जाड, शिवाय स्पॉट एका जागी थांबणार नाही. तिथे लेझरच्या अगदी छोट्या पल्सने फोटो काढल्यासारखं मोजावं लागतं. म्हणून पेपरमध्ये आकडा दिसला की आधी कशाने मोजलाय ते बघायचं, निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

एक धागा मात्र दोन्हींना जोडतो. स्पॉटमध्ये टकरा इतक्या की कुठल्या आयनावर किती चार्ज हे तिथेच ठरतं, बाहेर पडल्यावर प्लाझ्मा इतक्या पटकन विरळ होतो की ते बदलायला टकराच उरत नाहीत. म्हणून एक सेंटीमीटरवर जो दोन चार्जचा आयन सापडतो, त्याचे चार्ज ठिपक्यातच ठरलेले असतात, गोठल्यासारखे.

व्हॅक्यूम ब्रेकर (व्हॅक्यूममध्ये करंट तोडणारा स्विच) वाल्यांना मात्र कामाची घनता दुसरी, म्हणजे गॅपमधली. करंट शून्यावर आला की स्पॉट विझतात, १०^२६ चा विषय तिथेच संपतो. प्रश्न उरतो गॅपमधल्या उरलेल्या प्लाझ्माचा, आणि दहा मिलिमीटरचा गॅप आयनांच्या त्या वेगाने एका मायक्रोसेकंदाच्या आत पार होतो, उशीर झाला तरी काही मायक्रोसेकंद. चिवट असतात ते धातूचे तापलेले थेंब आणि वितळलेले खड्डे, प्लाझ्मा गेल्यावरही वाफ सोडत राहतात, आणि ती वाफ ना पहिल्या आकड्यात धरलेली असते ना दुसऱ्या.