इंजिनीअरिंग प्रवेश: कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा फॉर्म, कागदपत्रं आणि आपल्याला मिळेल-परवडेल असं कॉलेज निवडणं

२०२५ ला माझ्या भाच्याचा इंजिनीअरिंगचा फॉर्म मीच भरला, त्याचे आईवडील लातूर जिल्ह्यात शेती करतात, तीन एकर जमीन, आणि पोराला पुण्याशिवाय दुसरं काही नको होतं. आमच्या दाजींनी मला एकच विचारलं, चार वर्षांत एकूण किती पैसे लागतील ते आत्ताच सांग, मधेच तोंडचं पाणी पळायला नको. त्या एका प्रश्नामुळे मी सगळी प्रक्रिया नीट वाचून काढली आणि लक्षात आलं की खर्चाचा निर्णय कॉलेजात फी भरताना होतच नाही, तो ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-ब्रँचच्या पसंतीक्रमाचा फॉर्म, भरतानाच झालेला असतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय. तारखा आणि काही नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा सीईटी सेलच्या, म्हणजे हे प्रवेश करणाऱ्या राज्याच्या कक्षाच्या, वेबसाइटवरचं त्या वर्षाचं माहितीपत्रक आधी डाउनलोड करून ठेवा.

आधी पात्रता. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवेच, तिसरा विषय बहुतेकांचा केमिस्ट्री असतो, आणि या तीन विषयांत मिळून ४५ टक्के लागतात, महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्गातल्या, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि दिव्यांग मुलांना ४० टक्के. सोबत एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपचा स्कोअर. जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेवर प्रायव्हेट कॉलेजात १५ टक्के ऑल इंडिया जागा असतात, त्यामुळे जेईई दिली असेल तर तो स्कोअरही फॉर्ममध्ये टाका, काही बिघडत नाही. सीईटी चांगली गेली म्हणून बारावीच्या बोर्डाकडे दुर्लक्ष करणारी मुलं मी बघितलीत, ४५ टक्क्यांना एक मार्क कमी पडला तरी पर्सेंटाइलचा काही उपयोग होत नाही.

कागदपत्रांचं काम दहावी संपल्यावरच सुरू करायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. दहावी-बारावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, नॅशनॅलिटी सर्टिफिकेट, आधार, हे तर बहुतेक सगळ्यांनाच लागतं. जी मुलं दहावी-बारावी महाराष्ट्रातून पास झाली आणि ज्यांच्याकडे डोमिसाइल आहे किंवा ज्यांचा जन्म इथला आहे ती टाइप ए या उमेदवारीच्या प्रकारात येतात, पालकांची बदलीची नोकरी असेल किंवा सीमाभागातले मराठी भाषिक असाल तर तुमचे टाइप वेगळे आणि त्याचे दाखलेही वेगळे, ते माहितीपत्रकात बघा. राखीव प्रवर्ग असेल तर जातीचा दाखला आणि जात पडताळणी म्हणजे व्हॅलिडिटी. एससी-एसटी सोडून बाकीच्यांना नॉन-क्रीमीलेअर पण लागतं आणि ते प्रवेशाच्या पुढच्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत चालू असलेलं हवं, जुनं संपलेलं चालत नाही. ईडब्ल्यूएसचा दाखला राज्य सरकारच्या नमुन्यातलाच काढा, बऱ्याच जणांकडे केंद्राच्या नमुन्यातला असतो आणि तो स्क्रुटिनीत म्हणजे कागद तपासताना परत येतो.

व्हॅलिडिटीबद्दल जरा जास्त लिहितो कारण सगळ्यात जास्त रडारड तिथेच होते. अकरावी-बारावीला असतानाच कॉलेजमार्फत जिल्हा जात पडताळणी समितीकडे अर्ज करता येतो (एसटीसाठी समिती वेगळी असते). वडिलांची, आजोबांची शाळेच्या रजिस्टरची नोंद, जुना निर्गम उतारा, जवळच्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी झाली असेल तर तिची प्रत, हे शोधायलाच महिना-महिना जातो. बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ करणाऱ्यांची कागदं वेळेत होत नाहीत आणि मग राखीव जागेवरचा हक्क जातो, मार्क असून.

आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. ओपनवाल्यांना वाटतं आपल्याला कशाला, पण फीचं सगळं गणित त्याच्यावरच आहे. आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असेल तर तीन गोष्टी बघा.

पहिली टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी माफीची योजना. प्रत्येक कोर्सच्या मंजूर जागांवर ५ टक्के जादा जागा असतात, त्यात ट्यूशन फी पूर्ण माफ, बाकीची फी भरायची. इथे जातीचं आरक्षण नसतं, सरळ मेरिटवर मिळते, म्हणून कटऑफ नेहमीच्या ओपन सीटपेक्षा बहुतेक वेळा वरच असतो. फॉर्ममध्ये टीएफडब्ल्यूएस हवं का विचारतात तिथे हो करायचं आणि ऑप्शन फॉर्ममध्ये त्याचा चॉइस कोड वेगळा असतो, कोडच्या शेवटी टी. म्हणजे त्याच कॉलेजची तीच ब्रँच दोनदा टाकता येते, आधी टी वाला कोड, लगेच खाली साधा. एवढं मात्र आहे की टीएफडब्ल्यूएसवर घेतलेलं कॉलेज किंवा ब्रँच नंतर बदलता येत नाही.

दुसरी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला सगळे ईबीसी म्हणतात, ओपनच्या मुलांना ट्यूशन आणि परीक्षा फीत ५० टक्के. तिसरी, मुलींसाठी, २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींना ट्यूशन आणि परीक्षा फी १०० टक्के माफ. एससी, एसटी, व्हीजेएनटी, एसबीसी, ओबीसी यांच्या योजना वेगवेगळ्या आहेत आणि सगळे अर्ज महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर करायचे, दरवर्षी रिन्यू करायचे, बँक खातं आधारला लिंक हवं. पण या सगळ्याला एक अट आहे जी एजंट लोक सांगत नाहीत, प्रवेश कॅपमधूनच झालेला पाहिजे. इन्स्टिट्यूट लेव्हलला, ज्याला आपण मॅनेजमेंट कोटा म्हणतो, तिथून घेतला की सवलत गेली. आणि खासगी विद्यापीठ किंवा अभिमत विद्यापीठ असेल तर ईबीसी आणि मुलींची माफी तिथे लागू नाही, नाव जुन्या कॉलेजसारखंच असलं तरी आता ते विद्यापीठ झालंय का हे आधी बघा.

आता कॉलेज निवडणं. भाच्याला मी आधी कटऑफची पीडीएफ वाचायला शिकवली. त्यात GOPENH सारखे कोड असतात, देवनागरीत सांगायचं तर जी ओपन एच, एल ओपन एस असे. जी म्हणजे जनरल, एल म्हणजे मुलींच्या जागा, मधे प्रवर्ग, आणि शेवटचं अक्षर एच असेल तर होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे होम युनिव्हर्सिटी सोडून, एस म्हणजे स्टेट लेव्हल. होम युनिव्हर्सिटी तुमच्या गावावरून नाही तर बारावी कुठून पास झालात त्यावरून ठरते. भाचा लातूरला शिकला म्हणून त्याची नांदेडची स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, तेव्हा पुण्याच्या कॉलेजचा एच चा कटऑफ बघून खूश होण्यात अर्थ नव्हता, त्याला ओ किंवा एस बघायचा होता. पर्सेंटाइलपेक्षा मेरिट नंबर जुळवा, कटऑफच्या पीडीएफमध्ये दोन्ही दिलेले असतात, आणि एकाच वर्षाचं नको, मागच्या दोन-तीन वर्षांचं शेवटच्या राउंडपर्यंतचं बघा.

मग आम्ही वहीत तीन भाग केले: जरा वरची, आपल्या नंबरला बसणारी, आणि नक्की मिळणारी. आणि प्रत्येक नावापुढे चार वर्षांचा खर्च. समजा ट्यूशन फी एक लाख आणि डेव्हलपमेंट फी बारा हजार, तर ईबीसीत अर्धी होते ती फक्त ट्यूशन, म्हणजे आपल्याला बासष्ट हजार. मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर कॉलेजवार असते, कॉलेजच्या माहितीपुस्तिकेवर विसंबू नका. त्यात रूम आणि मेस आम्ही महिना नऊ हजार धरली, वर्षाचे दहा महिने, म्हणजे चार वर्षांत तीन लाख साठ हजार फक्त राहण्या-खाण्याचे. हा आकडा वहीत लिहिल्यावर पोरगा स्वतःच म्हणाला, मामा, नांदेडचं श्री गुरू गोविंदसिंगजी कॉलेज वर घेऊया.

सरकारी आणि अनुदानित कॉलेजं फीला हलकी आणि तिथलं नावही मोठं. सीओईपी, व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद ही सगळ्यांना माहीत असतात आणि त्यांचे कटऑफ पण तसेच. पण कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, अवसरी, जळगाव, चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर, रत्नागिरी इथली सरकारी कॉलेजं आणि लोणेरेचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ लिस्टमध्ये न टाकता लोक पुण्याच्या बाहेरच्या कुठल्या तरी नव्या प्रायव्हेट कॉलेजात कॉम्प्युटरसाठी दुप्पट-तिप्पट पैसे देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. सरकारी कॉलेजातली मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल घेणं हा काही कमीपणा नाही. प्रायव्हेट टाकायचंच असेल तर त्या ब्रँचला एनबीए (दर्जाची मान्यता) आहे का बघा, कॉलेजला नाही, त्या ब्रँचला. आणि प्लेसमेंटचं पोस्टर बघण्यापेक्षा तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाला फोन करून विचारा की लॅब चालतात का, शिकवायला माणसं आहेत का.

ऑप्शन फॉर्ममध्ये ३०० पर्यंत पर्याय देता येतात, त्यामुळे दहाच टाकून थांबू नका. पण क्रम जपून. २०२५-२६ ला चार राउंड होते आणि नियम असा होता की पहिल्या राउंडला पहिला पर्याय मिळाला तर तो आपोआप फ्रीझ म्हणजे पक्का, दुसऱ्याला पहिल्या तीनपैकी, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी कुठलाही. फ्रीझ झालेली सीट घेतली नाही तर पुढच्या राउंडला बसता येत नाही. म्हणून वरच्या सहात असं एकही नाव नको जे मिळालं तर परवडणार नाही. गंमत म्हणून वर टाकलेलं महाग कॉलेज मिळालं आणि सगळं अडकलं, असं आमच्या गल्लीतच झालं. मनासारखं नसेल मिळालं तर सीट अॅक्सेप्टन्सचे हजार रुपये भरून बेटरमेंटला जाता येतं, पुढच्या राउंडला वरचं मिळालं की आधीची सीट आपोआप जाते, नाही मिळालं तर आधीची राहते.

ई-स्क्रुटिनी घरून होते, कागद अपलोड केले की कुणीतरी तपासतं आणि चूक असेल तर फॉर्म परत पाठवतं, तेव्हा रोज लॉगिन करून बघा. प्रोव्हिजनल मेरिट लिस्ट आली की नाव, प्रवर्ग, मार्क, टीएफडब्ल्यूएसचा हो-नाही हे सगळं तपासा आणि चूक दिसली तर ग्रीव्हन्स त्याच मुदतीत टाका, फायनल लिस्ट लागल्यावर कुणी ऐकत नाही.

कॉलेजात रिपोर्टिंगला गेलो तेव्हा आम्हाला काउंटरवर सांगितलं की पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. मी सवलतीचा शासन निर्णय छापून नेला होता, तो दाखवला, प्राचार्यांना लेखी अर्ज दिला आणि मग त्यांनी अर्धीच ट्यूशन फी घेतली. प्रत्येक पैशाची पावती घ्या. आणि प्रवेश रद्द करायची वेळ आली तर सीईटी सेलने दिलेल्या शेवटच्या तारखेच्या आत ऑनलाइन करा, हजार रुपये कापून बाकी फी परत मिळते, तारीख उलटल्यावर फक्त डिपॉझिट. ही तारीख मी भाच्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून दिली होती.