चाचणीत न सापडणारे आजार : मनोविकारांच्या जैविक कारणांचा शोध

मधुमेह रक्तातल्या साखरेवरून कळतो, क्षयरोग थुंकीच्या तपासणीत सापडतो. भास-भ्रम होणारा स्किझोफ्रेनिया, उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा बायपोलर आजार किंवा तीव्र नैराश्य यांच्यासाठी मात्र आजही अशी चाचणी नाही. रक्त, लघवी, मेंदूचं स्कॅनिंग हे सगळं केलं जातं, पण ते दुसरा काही आजार नाही ना, एवढं पाहण्यापुरतं. खरं निदान डॉक्टर रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलूनच करतात. घरच्यांना हे पचायला फार जड जातं. "रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग माणूस असा का वागतोय?" या प्रश्नामागची वेदना खरी आहे. मेंदूत कारण शोधायला सुरुवात होऊन दीडशेहून अधिक वर्षं झाली, तरी असं का, हे समजायचं तर मागे जावं लागतं.

वेडाचं मूळ शरीरात आहे हा विचार तसा प्राचीन. ग्रीक वैद्य खोल उदासीला काळ्या पित्ताचा प्रकोप मानत. आधुनिक अर्थाने हा विचार मांडला तो जर्मन डॉक्टर विल्हेल्म ग्रीझिंगर यांनी. १८४५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाठ्यपुस्तकाचा गाभा एवढाच होता, की मनाचे आजार हे मेंदूचे आजार आहेत. त्या काळी हे विधान सिद्ध करायचं कसलंही साधन हाताशी नव्हतं.

पुरावा मिळाला तो एका भयंकर आजारातून. एकोणिसाव्या शतकातल्या मनोरुग्णालयांत खाटांचा मोठा हिस्सा अशा रुग्णांनी व्यापलेला असे, जे आधी बढाया मारायला लागत, आपण सम्राट आहोत, अब्जाधीश आहोत असं सांगत, मग त्यांची जीभ जड होई, पाय लटपटत, बुद्धी जाई आणि काही वर्षांत मृत्यू येई. पॅरिसमध्ये आंत्वान बेल यांनी १८२२ मध्येच अशा रुग्णांच्या मेंदूच्या आवरणाला सूज असल्याची नोंद केली होती. तरी कारण म्हणून पुढे अनेक दशकं दारू, अतिश्रम, स्वैर आयुष्य अशी नावं घेतली जात राहिली. १९०५ मध्ये उपदंशाचा (सिफिलिसचा) जंतू सापडला, पुढच्याच वर्षी त्याची रक्तचाचणी आली, आणि १९१३ मध्ये हिदेयो नोगुची व जे. डब्ल्यू. मूर यांनी या रुग्णांच्या मेंदूत तोच जंतू प्रत्यक्ष दाखवला. व्हिएन्नाच्या यूलियस वाग्नर-याउरेग यांनी १९१७ पासून या रुग्णांना मुद्दाम मलेरियाची लागण करून त्या तापाने उपचार करायला सुरुवात केली. धोका मोठा होता, पण काही जण सुधारले, आणि त्यांना १९२७ चं नोबेल मिळालं. पुढे पेनिसिलिन आलं आणि हा आजार मनोरुग्णालयांतून जवळपास नाहीसा झाला.

माझ्या मते या क्षेत्राच्या पुढच्या शंभर वर्षांवर दुसऱ्या कुठल्याही शोधाची इतकी छाया पडलेली नाही. एक आजार, एक कारण, एक औषध हा साचा इथे ठरला. पेलाग्राने तो आणखी पक्का केला. मक्यावर गुजराण करणाऱ्या गरिबांना होणाऱ्या या आजारात त्वचा सोलवटते, जुलाब लागतात आणि भ्रम होतात. अमेरिकेच्या दक्षिण भागातली मनोरुग्णालयं अशा लोकांनी भरलेली होती. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ नंतर हा संसर्ग नसून आहारातली उणीव आहे हे दाखवून दिलं, आणि १९३७ मध्ये ती उणीव निॲसिनची असल्याचं स्पष्ट झालं.

यातला एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. ज्या आजाराचं कारण सापडलं, तो मानसोपचाराच्या हद्दीतून बाहेर गेला. उपदंश संसर्गतज्ज्ञांकडे गेला, पेलाग्रा पोषणशास्त्राकडे. १९०६ मध्ये आलोइस अल्झायमर यांनी एका बाईच्या मेंदूतले गुंते आणि चट्टे दाखवले. त्या आजाराला १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी अल्झायमर यांचंच नाव दिलं, आणि कालांतराने तो मुख्यतः मेंदूविकारतज्ज्ञांचा विषय झाला. मागे उरले ते न सुटलेले आजार.

स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजार आज ज्या विभागणीत ओळखले जातात, ती क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये पक्की केली. हजारो रुग्णांचा वर्षानुवर्षांचा प्रवास पाहून त्यांनी आजारांचे गट पाडले. या रुग्णांच्या मेंदूतही सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसेल, अशी त्यांची आणि सहकाऱ्यांची खात्री होती. वर्षानुवर्षं काचपट्ट्या तपासल्या गेल्या, पण अल्झायमरसारखी ठसठशीत खूण मिळाली नाही.

कारण हाती नसताना ते सापडल्याच्या खात्रीने जे केलं गेलं, ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या सरकारी मनोरुग्णालयात हेन्री कॉटन यांचा ठाम समज होता, की दातांत आणि आतड्यांत दडलेल्या जंतूंच्या विषामुळे वेड लागतं. त्यांनी रुग्णांचे दात काढले, टॉन्सिल काढले, मोठं आतडं कापलं. शस्त्रक्रियेनंतर कित्येक रुग्ण दगावले. पोर्तुगालचे एगास मोनिझ यांनी १९३५ मध्ये मेंदूच्या पुढच्या भागातले धागे छेदण्याची शस्त्रक्रिया सुरू केली आणि त्यांना १९४९ चं नोबेल मिळालं. ज्यांच्या मेंदूवर ती झाली, त्यांतल्या अनेकांची इच्छाशक्ती आणि व्यक्तिमत्त्व कायमचं कोमेजलं.

सगळ्यात काळं पान जर्मनीतलं आहे. म्युनिकमध्ये क्रेपेलिन यांच्या संस्थेत मनोविकारांच्या अनुवंशाचा अभ्यास करणारे अर्न्स्ट रुडिन १९३३ च्या सक्तीच्या नसबंदी कायद्याचे खंदे पुरस्कर्ते होते. कायद्याच्या यादीत स्किझोफ्रेनिया होता, बायपोलर आजारही होता. नंतर नसबंदीही अपुरी मानली गेली. १९४० आणि १९४१ मध्ये नाझी राजवटीने 'टी-४' मोहिमेत सत्तर हजारांहून अधिक रुग्ण आणि अपंग माणसं विषारी वायूने मारली. महायुद्धानंतर बरीच वर्षं मनोविकारांच्या अनुवंशाबद्दल बोलणंच संशयास्पद ठरलं, आणि ते समजण्यासारखं होतं.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. अमेरिकेत विशेषतः मनोविश्लेषणाचा जोर वाढला आणि दोष आईच्या माथी आला. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांच्या लेखनातून 'स्किझोफ्रेनिया घडवणारी आई' ही कल्पना रुजली. ऑटिझमबद्दलही मायेचा ओलावा नसलेल्या आईला जबाबदार धरलं गेलं. आधीच खचलेल्या बायकांना डॉक्टरांनीच सांगितलं, की तुझ्या लेकराचं हे तुझ्यामुळे झालं. या अन्यायाचं मोजमाप कुठल्याही आकड्यात सापडणार नाही.

दिशा बदलली ती १९४९ ते १९५७ या आठ-नऊ वर्षांत, आणि ती औषधांनी बदलली. यातलं एकही औषध कारण कळल्यामुळे शोधलेलं नव्हतं. मेलबर्नजवळच्या बंडूरा इथले जॉन केड उन्मादाच्या रुग्णांच्या लघवीत काही विष असेल का, ते पाहत होते. गिनीपिगवरच्या प्रयोगात युरिक आम्ल विरघळावं म्हणून त्यांनी लिथियमचा क्षार वापरला आणि प्राणी शांत पडलेले पाहिले. आधी स्वतः लिथियम घेऊन पाहिलं, मग रुग्णांना दिलं. त्यांचा मूळ अंदाज चुकीचा होता, पण लिथियम आजही बायपोलर आजारावरचं एक महत्त्वाचं औषध आहे. फ्रान्समध्ये नौदलाचे शल्यविशारद आंरी लाबोरी शस्त्रक्रियेचा धक्का कमी करणारं औषध शोधत होते. क्लोरप्रोमाझिन घेतलेले रुग्ण जागे असूनही आजूबाजूबद्दल उदासीन होतात, हे त्यांनी टिपलं. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात झां दले आणि पिएर डनिकेर यांनी ते मनोरुग्णांना दिलं, आणि वर्षानुवर्षं भ्रमांत अडकलेली माणसं बोलू लागली.

सर्पगंधा या औषधी वनस्पतीचाही या कथेत मानाचा वाटा आहे. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच उच्च रक्तदाब आणि वेड या दोन्हींवर तिच्या उपयोगाबद्दल लिहिलं होतं. तिच्यातलं रेझर्पिन १९५२ मध्ये वेगळं झालं आणि लवकरच अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत पोहोचलं. क्षयावरच्या आयप्रोनियाझिडने रुग्णांची मनःस्थिती उजळलेली दिसली, म्हणून ते नैराश्यावर वापरलं गेलं. स्वित्झर्लंडच्या रोलँड कून यांना स्किझोफ्रेनियावर कुचकामी ठरलेलं इमिप्रामिन नैराश्यावर लागू पडताना आढळलं.

आता शास्त्रज्ञ उलट्या वाटेने निघाले : औषध काय करतं ते पाहायचं आणि त्यावरून आजाराचं कारण ताडायचं. रेझर्पिन मेंदूतले सेरोटोनिनसारखे रासायनिक संदेशवाहक रिते करतं आणि रक्तदाबासाठी ते घेणारे काही जण खिन्न होतात. नैराश्यावरची औषधं हेच संदेशवाहक वाढवतात. मग नैराश्य म्हणजे त्यांचीच कमतरता असणार. जोसेफ शिल्डक्राउट यांनी १९६५ मध्ये नॉरॲड्रेनलिनबद्दल, तर ॲलेक कॉपेन यांनी १९६७ मध्ये सेरोटोनिनबद्दल ही मांडणी केली. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांच्या १९६३ च्या कामातून स्किझोफ्रेनिया आणि डोपामिन हा आणखी एक संदेशवाहक यांचं नातं पुढे आलं.

गृहीतकं म्हणून ही मांडणी उत्तम होती. घोटाळा झाला तो ती सिद्ध झाल्यासारखी सांगितली गेली तेव्हा. १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुओक्झेटिन या नैराश्यावरच्या औषधाला मान्यता मिळाल्यावर 'मेंदूतलं रासायनिक असंतुलन' हे शब्द जाहिरातींतून घरोघर पोहोचले. औषध संदेशवाहक काही तासांत वाढवतं, मग मन हलकं व्हायला आठवडे का लागतात, हा प्रश्न संशोधकांना आधीपासूनच छळत होता. नैराश्यात सेरोटोनिन कमी असतं याला सातत्याचा पुरावा नाही, असं २०२२ मधल्या एका मोठ्या आढाव्याने म्हटलं. त्यावरून औषधं निरुपयोगी आहेत असं समजून ती अचानक बंद करणं घातक आहे. औषध उपयोगी पडतं का आणि ते नेमकं कसं उपयोगी पडतं, हे प्रश्न वेगवेगळे आहेत. तापावर पॅरासिटामॉल चालतं म्हणून ताप पॅरासिटामॉलच्या कमतरतेने येतो, असं कुणी म्हणत नाही.

अनुवंशाचा धागा पुन्हा हाती घेतला गेला तो दत्तक मुलांच्या अभ्यासातून. लिओनार्ड हेस्टन यांनी १९६६ मध्ये स्किझोफ्रेनिया असलेल्या मातांची, पण जन्मानंतर लगेच दुसरीकडे वाढलेली ४७ मुलं पाहिली. त्यांतल्या पाच जणांना तो आजार झाला होता. तुलनेसाठी घेतलेल्या ५० मुलांत एकालाही नव्हता. आईच्या संगोपनावरचा आरोप इथेच खिळखिळा झाला. पण अगदी सारख्या जुळ्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असला तरी अर्ध्याहून अधिक वेळा दुसरा त्यातून सुटतो. हॉलंडमधल्या १९४४-४५ च्या हिवाळी दुष्काळात, उपासमार शिगेला असताना गर्भात आलेल्या मुलांमध्ये हा आजार सुमारे दुप्पट आढळला. म्हणजे अनुवंश आहे, पण एकटा अनुवंश नाही.

तरीही जनुकशास्त्र आलं तेव्हा जुना साचा परतला. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या आमिश या छोट्या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांत बायपोलर आजाराचा दुवा ११ व्या गुणसूत्रावर सापडल्याची बातमी आली, आणि दोनच वर्षांत ती टिकली नाही. पुढे नैराश्याची म्हणून गाजलेली १८ जनुकं २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर तपासली, तेव्हा ती कुठल्याही इतर जनुकांपेक्षा वेगळी ठरली नाहीत. एवढ्या वर्षांचे एवढे शोधनिबंध वाळूवर उभे होते, आणि त्यामागे कुणाची लबाडी नसून लहान नमुने आणि मोठी घाई होती, हे मला अधिक अस्वस्थ करतं.

मग देशोदेशीच्या गटांनी माहिती एकत्र केली. स्किझोफ्रेनियाशी जोडलेली जनुकीय ठिकाणं २०१४ मध्ये १०८ होती, २०२२ मध्ये २८७ झाली, आणि त्यातल्या बहुतेकांचा वाटा अगदी सूक्ष्म आहे. २०१६ मध्ये त्यांतल्या 'सी-४' या जनुकाचा माग काढताना प्रतिकारशक्तीशी आणि चेतापेशींच्या जोडण्यांच्या छाटणीशी संबंध पुढे आला. पौगंडावस्थेत ही छाटणी सगळ्यांच्याच मेंदूत होते. काहींमध्ये ती प्रमाणाबाहेर होत असावी, असा तर्क आहे.

दरम्यान जोसेप डाल्माऊ यांनी २००७ मध्ये असा एक मेंदूदाह वर्णिला, ज्यात शरीराची प्रतिपिंडं चेतापेशींवरच्या एनएमडीए नावाच्या ग्राहींवर, म्हणजे संदेश पकडणाऱ्या रेणूंवर, हल्ला करतात. सुरुवातीला भास, संशय आणि विचित्र वागणं दिसत असल्यामुळे असे अनेक रुग्ण आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पोहोचतात. हा आजार मात्र पाठीच्या पाण्याच्या चाचणीत सापडतो, त्यावर उपचार आहे, आणि आता तो मेंदूविकारतज्ज्ञांकडे जातो.

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत स्किझोफ्रेनियावर एका नव्या औषधाला मान्यता मिळाली. डोपामिनचे ग्राही थेट न रोखता ते ॲसिटिलकोलिन या दुसऱ्या संदेशवाहकाच्या वाटेने काम करतं. त्यातलं झॅनोमेलिन १९९० च्या दशकात अल्झायमरच्या रुग्णांच्या स्मृतीसाठी तपासलं जात होतं. त्या रुग्णांचे भास आणि भ्रम कमी झालेले दिसले, पण मळमळ आणि उलट्यांमुळे औषध बाजूला पडलं. नंतर मेंदूत न शिरणारं दुसरं एक औषध जोडून तो त्रास आटोक्यात आणला गेला. स्किझोफ्रेनियात ते का लागू पडतं, यावर प्रयोगशाळांत काम सुरू आहे.